कंत्राटदार जोतीराव

तीस वर्षं मी बांधकामांवर सुपरवायझर होतो. खडकवासल्याला गेलो की आधी हात जातो जुन्या दगडी भिंतीकडे. १९६१ च्या पुरात धरण फुटलं, पुन्हा बांधलं. पण सांध्यांतला घाणीवर मळलेला चुना अजून नखाला दाद देत नाही.

१८७० च्या दशकात या धरणाच्या कामाला दगड-चुना पुरवणारे एक कंत्राटदार होते जोतीराव फुले. शाळा, सत्यशोधक समाज आपल्याला पाठ. ब्रासात दगड मोजून घेणारा माणूस मात्र आपण विसरतो. मला तोच जवळचा वाटतो. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाण्याचा पैसा घेऊन पाणी न पोचवणाऱ्या इंजिनिअर खात्यावर त्यांनी ओढलेले कोरडे साइट पाहिलेल्या माणसाचेच आहेत.

१८७६ साली सरकारनं त्यांना पुणे नगरपालिकेवर नेमलं. १८८० साली व्हाइसरॉय लिटन येणार, म्हणून स्वागताला हजार रुपये खर्चायचं ठरत होतं. ते गरिबांच्या शिक्षणाला द्या, असं जोतीरावांचं म्हणणं. खर्चाविरुद्ध मत पडलं एकच, त्यांचं. सरकारी कंत्राटावर पोट असलेला माणूस आणि सरकारनंच नेमलेला सभासद! आमच्या धंद्यात बिल अडकण्याच्या भीतीनं साध्या ओव्हरसियरलासुद्धा कुणी दुखवत नाही.