गुडघ्याची गोळी, हृदयाचा हिशेब

मेडिकलवाला चिठ्ठी न बघता गुडघेदुखीची स्ट्रिप पुढे सरकवतो, तेव्हा मला व्हायॉक्सचा इतिहास आठवतो.

मे 1999 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मर्क कंपनीच्या या गोळीला सांधे झिजण्याच्या दुखण्यासाठी मंजुरी दिली. जुन्या वेदनाशामकांनी पोटात अल्सर व्हायचे, हिने ते कमी झाले. हे खरंच होतं. गडबड दुसरीकडे होती.

2000 साली 8,000 हून जास्त रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल छापून आले. तुलना जुन्या नॅप्रोक्सेनशी होती. व्हायॉक्स घेणाऱ्यांत हार्ट अटॅक कितीतरी जास्त. कंपनीचं म्हणणं काय? तर आमची गोळी वाईट नाही, नॅप्रोक्सेनच हृदयाला जपतं! या एका युक्तिवादावर औषध आणखी चार वर्षं खपलं. शेवटी आतड्यातल्या गाठींसाठीच्या वेगळ्याच चाचणीत धोका स्पष्ट झाला आणि 30 सप्टेंबर 2004 रोजी कंपनीने ते मागे घेतलं. त्याच वर्षअखेरीस भारतानेही बंदी घातली. 2007 मध्ये 485 कोटी डॉलरची तडजोड झाली.

व्हायॉक्स गेलं, पण भाऊबंद आहेतच. त्याच कंपनीचं एटोरिकॉक्सिब अमेरिकेने 2007 मध्ये नाकारलं, युरोपने इशाऱ्यांसह ठेवलं. आपल्याकडे ते चिठ्ठीवरच द्यायचं औषध. कागदावर!

गोळी घेऊच नका, असं मी म्हणत नाही. दुखणं खरं असतं. पण बीपी, हृदय, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. डोस कमीत कमी, दिवस कमीत कमी. आणि चिठ्ठीचा नियम पाळला जातो का, हे सरकारला विचारत राहा.