दाखल्याचा दाखला

बारावीचा निकाल लागला की तोरणमाळच्या पावरा-भिल्ल घरांत पोरीचे मार्क विचारून झाल्यावर लगेच विचारतात, "व्हॅलिडिटी झाली का?" जात वैधता प्रमाणपत्र हे पूर्ण नाव छापील कागदापुरतं. जातीचा दाखला प्रांत देतात. मेडिकल-इंजिनिअरिंगच्या राखीव जागेसाठी त्याच दाखल्याची पुन्हा पडताळणी करायला घाट उतरून, शहाद्यावरून नंदुरबारच्या समितीकडे जायचं.

ही उठाठेव सुरू झाली १९७६ च्या दुरुस्तीनंतर. अनुसूचित जमाती ठरवणाऱ्या १९५० च्या आदेशात महाराष्ट्रातल्या बऱ्याच जमाती ठरावीक भागापुरत्याच अनुसूचित होत्या. संसदेने ती हद्द काढली. स्थलांतरितांची सोय झाली, पण नावातल्या साम्यावर दावे सांगणाऱ्यांचीही झाली. 'बोगस आदिवासी हटवा' ही हाक आदिवासी संघटनांचीच. राखीव जागांच्या न्यायान्यायावर शहरात एवढं बोललं जातं, पण आपल्याच जागा दुसरे नेतात ही आदिवासींची तक्रार त्यात क्वचितच येते.

सरकारने पडताळणी समित्या नेमल्या. त्यांना आजचं रूप दिलं ते १९९४ च्या माधुरी पाटील निकालाने. दोन बहिणींचा महादेव कोळी या अनुसूचित जमातीच्या असल्याचा दावा, घरातल्या जुन्या नोंदींत मात्र 'हिंदू कोळी'. सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. एकीचं एमबीबीएस संपत आलं होतं, तेवढं पूर्ण करू दिलं. शिवाय पडताळणीची पंधराकलमी पद्धत घालून दिली. दक्षता पथकाने अर्जदाराच्या गावी जायचं, देव कोणते, लग्न कसं लागतं, मर्तिकाला काय करतात ते विचारायचं. २००१ मध्ये राज्याचा कायदा लागू झाला आणि सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर पडला.

इथे खरी गोम आहे. पुरावा १९५० च्या आधीचा असला तर त्याला वजन जास्त. ज्या मुलीच्या आजोबांनी शाळेची पायरीच चढली नाही, तिने त्यांच्या नावाचा प्रवेश-निर्गम उतारा आणायचा कुठून? गावच्या जन्म-मृत्यू नोंदींच्या कोतवाल बुकाची नक्कल मिळाली तर नशीब. नाहीतर व्हॅलिडिटी झालेला चुलता शोधायचा आणि वंशावळ जोडायची. असा चुलताच नसेल तर भावकीतली पहिली शिकणारी अडकते. लबाडाला हीच अट सोपी जाते, कारण त्याच्याकडे कागदही असतात आणि वकीलही.

देवाधर्माच्या प्रश्नांवरून जमात ओळखण्याची आप्तभाव चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. बरंच झालं. आता पथकानेच एकदा घाट चढावा आणि अख्ख्या भावकीची पडताळणी वस्तीवर बसून एका फेरीत उरकावी, तीही पोरं अकरावीत असतानाच.