कृत्रिम उड्डाणातील वजन

विमानाचे सर्व वजन ज्या एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, त्या बिंदूस गुरुत्वमध्य म्हणतात, आणि तो पंखांच्या संदर्भात ठरावीक मर्यादेत ठेवणे म्हणजे विमानाचा समतोल राखणे होय. ही जाणीव विमानविद्येत आरंभापासून होती. ओटो लिलिएंथाल ग्लायडरला लोंबकळत शरीर पुढेमागे झुकवून तोल साधत असे, तर राइट बंधूंच्या 1903 च्या विमानात इंजिन शेजारी पालथ्या पडलेल्या चालकापेक्षा जड असल्याने इंजिनाकडील पंख सुमारे चार इंच अधिक लांब ठेवला होता. 1904 चे त्यांचे विमान उडताना वरखाली हेलकावू लागले, तेव्हा गुरुत्वमध्य मागे सरकवल्याने दोष वाढला आणि अखेर पुढच्या भागात 70 पौंड लोखंड बसवावे लागले.

जमिनीवर उड्डाण शिकवणाऱ्या यंत्रांनी मात्र ही बाब दीर्घकाळ बाजूलाच ठेवली. वडिलांच्या ऑर्गन-कारखान्यात वाढलेल्या एडविन लिंक यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस वाद्यांतील हवेचे भाते वापरून जे यंत्र उभे केले, ते चालकाच्या हालचालींनुसार कलत आणि वळत असे. 1934 साली टपालवाहतुकीत अनेक वैमानिक दगावल्यानंतर अमेरिकी लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली. ढगात केवळ उपकरणे पाहून विमान चालवण्याचा सराव त्यांतून उत्तम होई; परंतु टाकी रिकामी होत आली किंवा मागे सामान वाढले, तरी भात्यांच्या प्रतिसादात फरक पडत नसे. वजनाचा हिशेब हा कागदाचा विषय राहिला.

हा हिशेब तत्त्वतः सोपा आहे. विमानावरील एका आधाररेषेपासून प्रत्येक आसनाचे, टाकीचे आणि सामानकक्षाचे अंतर मोजतात, तेथील वजनाला त्या अंतराने गुणून परिबल काढतात, आणि परिबलांच्या बेरजेस एकूण वजनाने भागले की गुरुत्वमध्याचे स्थान मिळते. तो फार पुढे असल्यास उतरताना नाक उचलणे कठीण जाते. मागे गेल्यास धोका अधिक, कारण उलाळ झालेल्या बैलगाडीप्रमाणे पुढचा भाग उचलू लागतो आणि पंखांची उचल एकाएकी घटण्याची, म्हणजे स्टॉलची, स्थिती एकदा आली की तीतून बाहेर पडणे दुष्कर होते.

1948 साली पॅन अमेरिकन कंपनीने बोइंग स्ट्रॅटोक्रूझरसाठी विद्युत-गणकावर चालणारा सिम्युलेटर घेतला, तेव्हा यांत्रिक अनुकरणाची जागा गतीच्या समीकरणांनी घेतली; समीकरणात वस्तुमान असतेच, त्यामुळे वजन हळूहळू बदलता येण्याजोगी राशी बनले. 1960 च्या दशकात अंकीय संगणक आल्यावर ही सोय वाढली, आणि पुढे प्रशिक्षकाच्या पटलावरूनच वजन व गुरुत्वमध्य ठरवता येऊ लागले.

घरगुती संगणकावर हा विषय आणखी उशिरा पोहोचला. ब्रूस आर्टविक यांच्या कार्यक्रमापासून विकसित झालेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची पहिली आवृत्ती 1982 ची. 2003 साली आलेल्या आवृत्तीत प्रत्येक विमानाच्या 'एअरक्राफ्ट डॉट सीएफजी' या फायलीत आसनांचे वजन पौंडांत आणि त्यांचे स्थान फुटांत लिहिलेले असे. 2020 च्या आवृत्तीत पडद्यावरील वजनाची सरकपट्टी हलवली की गुरुत्वमध्य पंखाच्या सरासरी रुंदीच्या टक्केवारीत दिसतो. सोय म्हणून ती चांगली असली, तरी हिशेब समजण्यासाठी जुनी फाईलच अधिक उपयोगी होती, कारण तिच्यात अंतर आणि वजन एकाच ओळीत दिसत.

सिम्युलेटर असो वा विमान, गणिताला जे वजन सांगावे तेच ते खरे मानते. 8 जानेवारी 2003 रोजी शार्लट येथे उड्डाणानंतर लगेच कोसळलेल्या बीचक्राफ्ट 1900 विमानातील 21 जण दगावले. नाक वरखाली करणाऱ्या एलिव्हेटरची तार चुकीची जुळवलेली होती आणि गुरुत्वमध्यही मर्यादेच्या मागे गेला होता, मात्र प्रवाशांचे सरासरी वजन धरून केलेला कागदावरील हिशेब नियमांत बसत होता. त्यानंतर अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने प्रवाशांसाठी धरावयाचे सरासरी वजन वाढवले.