श्रवणकक्ष, घरगुती

संगीत ऐकण्यासाठी घरात मुद्दाम राखलेली खोली. ही कल्पना ध्वनिमुद्रिकेबरोबर आली, असे सामान्यतः समजले जाते. तथापि महाराष्ट्रात तिची पाळेमुळे वाड्यातील दिवाणखान्यात आढळतात. कडीपाटाचे छत, जाड भिंती, जाजमावरील गाद्या व लोड-तक्के यांमुळे ध्वनी काही अंशी शोषला जाई व उरलेला विखुरला जाई. ही रचना ध्वनिकीच्या विचाराने झालेली नव्हती; पण गायकास आवाज न ताणता गाता येई आणि श्रोत्याची दाद पुढच्या तानेत उतरे. मात्र हा आनंद यजमानाच्या आमंत्रणावर अवलंबून असे व घरातील स्त्रियांना तो बहुधा पडद्याआडूनच मिळे. कोल्हापूरचा देवल क्लब (१८८३) आणि पुण्याचा भारत गायन समाज (१९११) यांसारख्या संस्थांमुळे बैठकीचे दार अधिक लोकांस खुले झाले.

सोलापूर जिल्ह्यात या परंपरेचे निराळे रूप दिसते. माढा तालुक्यात टेंभुर्णीजवळचे मोडनिंब हे संगीत बारीचे प्रसिद्ध केंद्र आहे. रंगमंचावरील जाहीर खेळाखेरीज लहानशा खोलीत मोजक्या रसिकांपुढे बैठकीची लावणी सादर करण्याची तेथील रीत आहे. गायिका बसून एकाच ओळीचे निरनिराळे भाव नजरेने व हाताने दाखविते. त्यामुळे खोलीचा लहानपणा ही येथे कलेचीच गरज ठरते. खोलीतील सुख रसिकाच्या वाट्यास आले, पण ते देणाऱ्या कलावतीस समाजाने दीर्घकाळ प्रतिष्ठा नाकारली, हेही नोंदविले पाहिजे.

१९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले आणि गायकावाचून गाणे घरात येण्याचा मार्ग मोकळा झाला. तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. ख्यालाला ही मर्यादा जाचक होती. १९४८ मध्ये अमेरिकेत आलेल्या दीर्घवादन ध्वनिमुद्रिकेने ती सैल केली. १९५८ च्या सुमारास द्विमार्गी (स्टीरिओ) मुद्रिका प्रचारात आल्यावर दोन ध्वनिक्षेपक व श्रोता यांनी समभुज त्रिकोण साधावा, असा दंडक रूढ झाला. स्वतंत्र खोलीस तांत्रिक अर्थ आला तो येथपासून.

त्याचे शास्त्र मात्र त्याआधीच सिद्ध झाले होते. अमेरिकन भौतिकीविज्ञ वॉलेस सेबाइन यांनी १८९५ पासून हार्व्हर्ड येथील एका व्याख्यानगृहात ऑर्गनची नळी, कालमापक व गाद्या एवढ्या साहित्यानिशी प्रयोग करून दाखविले की, निनाद टिकण्याचा काळ खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात व एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लहान खोलीत याखेरीज स्थिर तरंगांची अडचण असते. ४ मी. लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्‌झ व त्याच्या पटीतील कंप्रता फुगतात. लांबी-रुंदी समान असल्यास हा दोष दुणावतो आणि डग्ग्याचा घुमारा एका जागी गडद, तर दुसऱ्या जागी पोकळ ऐकू येतो.

स्वतंत्र खोलीने ऐकणे सुधारते, यात शंका नाही. आनंद वाढतोच, असे म्हणता येत नाही. तंबोऱ्याच्या सूक्ष्म स्वरांस शांतता लागते व ती खोली देते. उलट, दादेची देवाणघेवाण ती देऊ शकत नाही. शिवाय अनेक हौशी श्रोते गाण्याऐवजी यंत्रच ऐकू लागतात, हा या छंदाचा मोठा दोष होय.

टेंभुर्णीसारख्या महामार्गालगतच्या गावात हा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे. या भागातील जुन्या माळवदी घरांच्या जाड मातीच्या भिंती बाहेरचा गोंगाट बराच अडवीत. सिमेंटचा स्लॅब व गुळगुळीत फरशी असलेल्या खोलीत तोच आवाज घुमतो. भिंतीवर सोलापुरी चादर ताणल्यास केवळ उच्च स्वरांचा निनाद कमी होतो, मालमोटारींच्या घरघरीवर तिचा परिणाम नगण्य असतो. जाड वाकळा, पुस्तकांनी भरलेली कपाटे व भिंतीपासून थोडे पुढे ठेवलेले ध्वनिक्षेपक हे खोलीतील निनादावरचे उपाय आहेत. रस्त्याच्या घरघरीपुरता मात्र रस्त्याकडील खोली सोडून मागची निवडणे हाच सर्वांत स्वस्त उपाय होय.