गोधडीचे अस्तर आणि कापडाचा पन्हा

गोधडीविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते ते तिच्या वरच्या अंगाविषयी. ठिगळांचे रंग, कोपऱ्यांतले त्रिकोण, धावदोऱ्याच्या ओळी यांचे कौतुक होते. ज्या कापडावर ही सारी रचना पेललेली असते ते खालचे अस्तर मात्र कोणी उलटून पाहत नाही. मला त्या अस्तराविषयीच बोलायचे आहे. आणि त्यातही, लुगड्याच्या जागी अंथरायची चादर तिथे कशी येऊन बसली याविषयी. विषय क्षुल्लक वाटेल खरा. पण चाळीस-पन्नास वर्षांचा मजुरीचा झगडा त्या एका कापडाखाली दडलेला आहे.

प्रथम एक खुलासा. चादर म्हटले की आपल्याला सोलापूर आठवते. ती जाड, नक्षीची चादर पांघरायची. तिच्यात दाभणसुद्धा कुरकुरत जाते. अस्तराला लागते ती साध्या विणीची, पातळ, गादीवर अंथरायची चादर. दोहोंचे नाव एक असले तरी काम वेगळे.

चादर यायच्या आधी अस्तर असे ते लुगड्याचे किंवा धोतराचे. नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट लांब. त्याच्या चार घड्या केल्या की पावणेसात फुटांचा एक पदर होतो, म्हणजे निजलेल्या माणसाला डोक्यापासून पायांपर्यंत पुरेल एवढा. रुंदीला पन्हा सुमारे चार फुटांचा. एकट्या माणसाची गोधडी अशी एका लुगड्यात बसते. पण एकाच गोधडीत आई आणि दोन-तीन पोरे निजायची असली की पन्हा अपुरा पडे. मग दोन पट्टे काठाला काठ लावून जोडावे लागत. फाटलेल्या लुगड्याला दंड घालणाऱ्या बायकांना त्यात नवल ते काय? परंतु मधली ती शिवण दोन्हीकडून ओढली जाते आणि बहुधा तीच आधी उसवते. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे आपण सर्वांना सांगत आलो. अंथरुणाची रुंदी कोणी ठरवली, हे मात्र विचारले नाही.

ती ठरवली विणकराच्या हातांनी. हातमागावर धोटा एका हाताने फेकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा. दोन्ही हात जेवढे पसरतील तेवढाच कापडाचा पन्हा. याहून रुंद कापड हवे असले तर मागावर दोन माणसे लागत. इंग्लंडात रुंद लोकरी कापड असेच दोघे मिळून विणीत. १७३३ साली लँकेशायरमधील बरी गावच्या जॉन के याने धावत्या धोट्याचे पेटंट घेतले. दोरीला झटका दिला की धोटा आपोआप या टोकाकडून त्या टोकाकडे जाई आणि रुंद कापड एकटा विणकर काढू शके. दुसऱ्या माणसाचे काय झाले, हा प्रश्न त्या पेटंटात नाही. विणकरांनी के याच्याशी वैर धरले ते उगीच नव्हे. आपल्या हातमागांवर हा धोटा रुळला तो पुष्कळ उशिरा, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत. आणि यंत्रमाग आल्यावर तर हाताचा प्रश्नच उरला नाही. लोखंडाचा साचा जेवढा रुंद, तेवढे कापड रुंद.

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी १८५४ साली सुरू झाली. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ सालची. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली यंत्रमाग बसवला. कापड स्वस्त झाले हे खरे. परंतु गिरणीचे कापड कामगाराच्या घरी शिरले त्याच्या वाटा दोन. एक बाजाराची. दुसरीविषयी फारसे बोलले जात नाही, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो.

साच्यावर कापडात दोष राहिला, धागा तुटून जाळी पडली किंवा तेलाचा डाग लागला, तर मुंबईच्या कित्येक गिरण्यांत तो ठाणच साचेवाल्याच्या गळ्यात मारीत आणि त्याची किंमत पगारातून कापून घेत. सूत हलके होते की साचा जुना होता, याची चौकशी करतो कोण? कामगाराने ते कापड मिळेल त्या भावाने विकावे, नाहीतर घरी न्यावे. डागाळलेल्या कापडाला घरात अस्तरापेक्षा चांगली जागा कोणती? वरून दिसत नाही, अंगाखाली जाते. म्हणजे अस्तर फुकटचे नव्हते. ते मजुरीतून आधीच विकत घेतलेले होते. या प्रथेविरुद्ध कामगारांनी वारंवार तक्रारी केल्या. शेवटी १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने मालकाच्या हाताला आवर घातला: दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा अधिक नाही, आणि नुकसानीची कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा अधिक नाही, तीही कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्यावर.

त्याआधी १९२८ साली मुंबईत सहा महिन्यांचा मोठा संप झाला. साचेवाल्याने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत, ही मालकांची इच्छा त्याच्या मुळाशी होती. त्याच संपात आमच्या चळवळीच्या अंगावरचे एक ठिगळ उघडे पडले. धोट्यात नवी कांडी घातली की सूत भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. या कारणाने सवर्ण साचेवाले अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात येऊ देत नसत. त्यांनी राहायचे त्रासनखात्यात, आणि तिथे कमाई कमी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला, तेव्हा कुठे तो मागण्यांत आला. मालकाशी भांडायला सारे एक, आणि धोट्याशी मात्र विटाळ! अस्पृश्य कामगार सूत कातीत होते, विणू शकत नव्हते; आणि त्या सुताचे कापड सर्वांच्या अंगाखाली जात होते. युनियनच्या इतिहासात हे पान गाळून चालणार नाही.

आता चादरीच्या गुणदोषांकडे वळू. पन्हा मोठा, म्हणून मधली शिवण वाचते आणि अस्तर एकसंध बसते. पण नव्या चादरीत खळ असते. ती भिजवून, धुऊन घेतल्याशिवाय अस्तराला लावली तर पहिल्याच धुण्यात आटते आणि वरचे अंग चुण्या खाते. विणही घट्ट, हातशिलाईला बोटे दुखतात. जुन्या लुगड्यातून सुई जशी सरकते तशी इथे सरकत नाही. वापरून मऊ झालेली चादर घ्यावी तर ती नेमकी मध्यभागी विरलेली असते, कारण माणूस तिथेच निजतो; काठ मात्र शाबूत. शहाणी बाई ती मधून उभी फाडते, काठ आत घेते आणि शिवते. म्हणजे शिवण पुन्हा आलीच! ‘चादर लावणे हा आळस,’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा ही सुई हातात धरून पाहावी.

१८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक मिटत गेल्या आणि साधे कापड बहुतांशी यंत्रमागांकडे गेले. १९८५ साली संसदेने हातमागासाठी काही वस्तू राखून ठेवण्याचा कायदा केला. त्या यादीत साडी आहे, धोतर आहे आणि अंथरायची चादरही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली तो वैध ठरवला. तरी बाजारात जाऊन स्वस्त चादर मागा. दुकानदार जी पुढे टाकील ती हातमागाची असण्याचा संभव थोडा. शहरच्या गिऱ्हाइकासाठी गोधड्या शिवणारी बाई तीच घेते, कारण तिला मोल शिलाईचे मिळते, अस्तराचे नाही. आणि चादर विणणाऱ्या यंत्रमाग कामगाराची मजुरी मीटरमागे, आडव्या धाग्यांच्या हिशेबाने ठरते. दोघांचेही काम नगावर.