अंतःस्रावी ग्रंथींमधील गाबा

गॅमा-ॲमिनोब्युटिरिक आम्ल (संक्षिप्त नाव: गाबा) हे मध्यवर्ती चेतासंस्थेतील प्रमुख निरोधक चेतापारेषक आहे. १९५० मध्ये ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूत आढळले. पुढे काही संप्रेरकनिर्मात्या ग्रंथींतही त्याचे अस्तित्व व कार्य दिसून आले.

निर्मिती

ग्लुटामेट डीकार्बॉक्सिलेज (गॅड) या विकराच्या साहाय्याने ग्लुटामेटपासून गाबा तयार होते. या विकराची गॅड-६५ व गॅड-६७ अशी दोन रूपे आहेत.

ग्रंथींमधील कार्य

स्वादुपिंडातील लँगरहान्स द्वीपकांमध्ये इन्सुलिन स्रवणाऱ्या बीटा पेशी गाबा तयार करतात. ते शेजारच्या अल्फा पेशींवरील ग्राहींना जोडले जाते, क्लोराईड आयन पेशीत शिरतात व ग्लुकॅगॉनचे स्रवण मंदावते. पोष ग्रंथीत गाबा प्रोलॅक्टिनचे स्रवण कमी करते. अधिवृक्क ग्रंथीच्या ॲड्रेनलिन स्रवणाऱ्या पेशींतही गाबाचे ग्राही आढळतात. गाबाचा परिणाम सर्वत्र निरोधकच असतो असे नाही. पेशीतील क्लोराईडचे प्रमाण अधिक असल्यास ते पेशीला उत्तेजितही करू शकते.

मधुमेहाशी संबंध

टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणा बीटा पेशींचा नाश करते. या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडांचे एक प्रमुख लक्ष्य गॅड असल्याचे १९९० मध्ये स्पष्ट झाले. बीटा पेशींचा प्रत्यक्ष नाश मुख्यतः टी पेशी करतात; प्रतिपिंडे ही त्या प्रक्रियेची खूण होय. म्हणून गॅड प्रतिपिंड चाचणी निदानासाठी वापरतात. मात्र ती नकारार्थी आल्याने टाइप १ मधुमेहाची शक्यता संपत नाही.

भारतात टाइप २ मधुमेह तुलनेने कमी वयात व सडपातळ व्यक्तींनाही होतो. त्यामुळे केवळ वय व बांधा पाहून प्रकार ठरवल्यास चूक होऊ शकते. टाइप १ च्या रुग्णाला इन्सुलिन वेळेवर न मिळाल्यास जिवाला धोका संभवतो. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी आणि ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठ येथील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, युरोपीय माहितीवर आधारित जनुकीय जोखीम-निर्देशांक भारतीयांमध्येही हे दोन प्रकार वेगळे ओळखण्यास उपयुक्त ठरतो.

उपचारविषयक संशोधन

प्राण्यांवरील काही प्रयोगांत गाबा दिल्याने बीटा पेशींची वाढ दिसली. परंतु नव्याने टाइप १ मधुमेह झालेल्या मुलांवरील चाचणीत तोंडावाटे गाबा दिल्याने इन्सुलिननिर्मिती टिकून राहिली नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे गाबा हा इन्सुलिनला पर्याय मानला जात नाही.