स्पेसबारची सवय

परवा बाबांनी टाइप केलेली आमच्या घराण्याची वंशावळ कॉम्प्युटरवर उतरवली. पडद्यावर सगळे आपापल्या जागी. दुकानातून प्रिंट आणली, तर मोठी आत्या चक्क चुलत आजोबांच्या खाली! तिथे फॉन्ट बदलला होता, आणि मी नावं सरकवली होती स्पेसबारने.

चूक माझीच, पण सवय टाइपरायटरची. तिथे कुठलंही अक्षर उमटवा, कॅरेज तेवढंच सरकणार. म्हणून स्पेस मोजल्या की रकाने जुळत. मोजून मोजून माणूस कंटाळणारच, म्हणून टॅब्युलेटर आला. कॅरेजच्या मागे छोटे थांबे लावायचे. कळ दाबली की कॅरेज धावत जाऊन तिथेच अडायचं. आपल्या कीबोर्डवरची टॅब ती हीच.

छापखान्यातले खिळे मात्र कमीजास्त रुंदीचे. १४५५ च्या सुमाराच्या गुटेनबर्गच्या बायबलात रकान्यांच्या दोन्ही कडा सरळ दिसतात. त्यासाठी त्याने एकाच अक्षराचे कमीजास्त रुंदीचे खिळे, जोडाक्षरं, शब्दांची संक्षिप्त रूपं, सगळं वापरलं. (केवढा तो खटाटोप!) वर्ड प्रोसेसरने कळफलक घेतला टाइपरायटरचा आणि अक्षरं छापखान्याची. आमची आत्या घसरली ती या दोघांच्या मधल्या फटीत.

असो. टॅब लावून पुन्हा प्रिंट काढली. आत्या जागेवर आली. बाबांच्या मूळ कागदावर मात्र प्रत्येक नावाच्या आधी पेन्सिलचे बारीक ठिपके आहेत... त्यांनी स्पेस मोजल्याचे.